कंगव्यावरचे सेंटीमीटर

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, मेंदूच्या वॉर्डाला लागून एक लहानशी खोली आहे. दारावर पाटी नाही. आत एक फिरती खुर्ची, भिंतीला बेसिन, खिडकीखाली लोखंडी कपाट आणि एक आरसा. आरशावर पांढरं कापड टाकलेलं असतं. ज्याला बघायचं त्याने कापड बाजूला करून बघावं, कोणावर सक्ती नाही, असा त्या खोलीचा नियम. तो नियम करणारे गृहस्थ एकतीस वर्षं त्या खोलीत मेंदूच्या ऑपरेशनला जाणाऱ्यांची डोकी भादरत होते. सिस्टर त्यांना सफाचटकाका म्हणत. नव्याने आलेल्या डॉक्टरांनाही तेच नाव शिकवलं जाई, आणि त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

गंमत अशी, की काकांच्या स्वतःच्या डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचं रान माजलेलं असे. "काका, स्वतःवर कधी वस्तरा फिरवणार?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "जाहिरात नको का? खुर्चीत बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे, केस परत येतात."

त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. आधी कात्री, मग क्लिपर, शेवटी कोमट पाणी, साबण आणि वस्तरा. मुकाट्याने काम करायचं नाही, ही दुसरी रीत. कात्री हातात घेतली की पहिला प्रश्न, "घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार?" माणूस आधी गोंधळे. मग कोणी म्हणे, माझ्या अंथरुणावर झोपणार. कोणी म्हणे, भावाशी भांडण अर्धवट राहिलंय ते पुरं करणार. काका त्या धाग्याला धरून डोकं पूर्ण होईपर्यंत गप्पा ओढत नेत. खाली पडलेले केस ते खाकी पाकिटात भरत, त्यावर बेडचा नंबर आणि तारीख घालत. नातेवाइकांनी मागितलं तर द्यायचं, नाहीतर पाकीट तीन महिने कपाटात. तीनच महिने का, असं एका सिस्टरने विचारलं होतं. "तेवढ्यात माणूस एकतर घरी जातो..." एवढं बोलून ते वस्तरा पुसायला लागले होते.

त्यांची बायको त्याच हॉस्पिटलात तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसे. तिच्या पुढ्यात एक फोन आणि एक माइक. सगळ्या मजल्यांवरच्या कर्ण्यांतून दिवसभर तिचा आवाज येई. आवाज असा, की तावातावाने भांडायला आलेला माणूसही आधी तो ऐकून घेई आणि मग कशासाठी आलो होतो ते आठवत बसे. तिला सगळे चौकशीबाई म्हणत. घरीही तिची सवय सुटत नसे. "कृपया लक्ष द्या. चहा तयार आहे. संबंधितांनी स्वयंपाकघराशी त्वरित संपर्क साधावा." संबंधित म्हणजे एकटे काका. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, संध्याकाळी तिचा फोन येई.

एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, काकांच्या खुर्चीत एक बसचालक बसला होता. अर्धं डोकं झालं होतं. कर्ण्यातून आवाज आला, "कृपया लक्ष द्या. बेड क्रमांक अठ्ठेचाळीसच्या नातेवाइकांनी तळमजल्यावरील..."

पुढे काही नाही. माइक चालूच होता. पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"लाइट गेली वाटतं," बसचालक म्हणाला.

दिवा डोक्यावर जळत होता. काकांनी वस्तरा ट्रेमध्ये ठेवला आणि अर्धं डोकं तसंच टाकून जिन्याने धावत सुटले. एकतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. खाली बाई खुर्चीतच होत्या. डोळे उघडे, उजवा हात आपोआप उडत होता, तोंडातून शब्द नाही. दहा मिनिटांनी त्या शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अठ्ठेचाळीसचे नातेवाईक आले का?"

तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे कवटी उघडून ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी, दोघांना समोर बसवून चित्रं दाखवली. डाव्या बाजूला रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता, द्राक्षाएवढा. जन्मापासूनचा. एरवी रक्त मोठ्या नळीतून बारीक नळ्यांच्या जाळीत उतरतं आणि जोर कमी करून परत फिरतं. इथे मधली जाळीच नव्हती. सगळा जोर पातळ भिंतींवर पडत होता. कधीतरी फुटेल, कदाचित कधीच फुटणार नाही.

"यावर दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक माझा. उघडायचं आणि गुंता काढून टाकायचा. निघाला की त्या दिवसापासून भीती संपली. पण तो बोलण्याच्या जागेला अगदी खेटून आहे. बोलणं जाऊ शकतं, उजवा हात जाऊ शकतो. दुसरा रस्ता तळघरातल्या मशीनचा. तिथे काही कापत नाहीत. जवळजवळ दोनशे बाजूंनी किरण सोडतात. एकेक किरण इतका क्षीण, की वाटेतल्या मेंदूला त्याचा फारसा उपद्रव नाही. सगळे जिथे एकत्र येतात तिथेच त्यांची ताकद. गुंता मोठा असता तर हे जमलं नसतं. लहान आहे म्हणून विचार करता येतो."

"दोनशे जण आणि खिडकी एकच," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे त्याची."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "नीट ऐका, बाई. किरणांनी भिंती आतून जाड होत होत बंद होतात. त्याला दोन वर्षं लागतात, कधी तीन. तोवर फुटण्याचा धोका आज आहे तेवढाच. वर्षाला शंभरांत दोघातिघांचा फुटतो. आणि शंभरांत वीस-पंचवीस जणांचा पुरता बंद होतही नाही. विचार करा. आज उत्तर नको."

घरी आल्यावर बाईंनी चपलाही काढल्या नाहीत. "अहो, तुम्ही एवढी डोकी हाताळलीत. तुम्ही सांगा."

काकांच्या डोळ्यांपुढे एक शाळामास्तर आला. त्याचं ऑपरेशन छान झालं होतं, तो चालत घरी गेला होता. सहा महिन्यांनी केस कापायला आला. प्रत्येक वस्तूला तो चमचा म्हणत होता. खुर्ची म्हणजे चमचा, खिडकी म्हणजे चमचा. आरशावरचं कापड बाजूला करून त्याने स्वतःकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाला, "चमचा चांगला झालाय." काकांनी हे घरी सांगितलं तेव्हा बाई आधी हसल्या होत्या आणि मग जेवल्या नव्हत्या.

"तो मास्तर आठवतोय ना?" त्या म्हणाल्या. "मी खिडकीत बसून सगळ्यांना चमचा म्हणायचं का?"

"मशीन," काका म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

दोन-तीन वर्षांचं बोलणं दोघांनीही ऐकलं होतं. पण काकांच्या कामाला उद्याच्या पलीकडचं बघायची सवय नव्हती. माणूस उद्या सकाळी टेबलावर जाणार, आज त्याचं डोकं तयार पाहिजे, एवढंच त्यांना ठाऊक. दोन वर्षं म्हणजे काय, हे त्यांना पुढे एकेका दिवसाने समजत गेलं.

तारीख मिळाली. सोबत सूचनांचा एक छापील कागद मिळाला, तो बाईंच्या पर्समध्ये राहिला. आदल्या दिवशी दुपारी काकांनी बाल्कनीत स्टूल मांडलं, टॉवेल काढला आणि घरातली पेटी उघडली. हॉस्पिटलात कोणी परक्याने तिच्या डोक्याला हात लावायचा, हे त्यांना सहन होणार नव्हतं.

"अहो, कागद तरी वाचा एकदा," बाई म्हणाल्या.

"एकतीस वर्षं असले कागद माझ्या डोळ्यांखालून गेलेत. मला काय शिकवतेस?"

तळघरातलं ते मशीन येऊन दोन वर्षं झाली होती. तिथून काकांना एकदाही बोलावणं आलं नव्हतं. त्यांनी समजूत करून घेतली होती, की त्या लोकांनी बाहेरचा कोणीतरी माणूस ठेवला असणार. त्याचा राग मनात होता म्हणून ते जिना उतरून खाली कधी गेलेच नव्हते.

बाईंचे केस कमरेपर्यंत होते. वर्षातून दोनदा टोकं सारखी करायची, त्यापलीकडे काकांची कात्री त्यांना कधी लागली नव्हती. त्यांनी वेणीला वर आणि खाली दोरा बांधला आणि वरच्या दोऱ्याच्याही वर, डोक्यालगत कात्री चालवली. दाट केसांना कात्री लागते तेव्हा आवाज येतो. तो दोघांनीही ऐकला.

"पाकिटावर नंबर घालू नका," बाई म्हणाल्या. "मला अजून बेड मिळालेला नाही."

"घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार?"

"घरीच तर बसलेय की मी!"

"तरी सांग. रीत आहे."

"झोपेन. आणि चहा तुम्ही करायचा. माझ्या पद्धतीने. आधी पाणी उकळायचं, मग पावडर. तुमच्यासारखं सगळं एकदम टाकून चूल पेटवायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात मशीनच्या डॉक्टरीणबाईंनी, त्यांच्या मुलीच्याच वयाच्या होत्या, बाईंच्या डोक्यावरचा रुमाल सोडायला सांगितलं. रुमाल सुटला. डॉक्टरीणबाई दोन पावलं पुढे आल्या.

"हे कोणी केलं?"

"यांनी," बाई म्हणाल्या. "घरचा माणूस असल्याचा फायदा."

"अहो काका, इथे केस काढत नाहीत! एकसुद्धा नाही. शाम्पूने स्वच्छ धुऊन यायचं, बस. कागदावर लिहिलंय ना."

यंत्रावर बसणाऱ्या माणसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. काका हातात रुमाल घेऊन उभे होते. दोन वर्षं खालून बोलावणं का आलं नाही, ते त्यांना तिथे उभ्या उभ्या उमगलं. आणि बाईंना हसू फुटलं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "डोक्याचं व्हायचं ते होईल, केस मात्र गेले!" मग त्यांचं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी काकांच्या हातातला रुमाल काढून घेतला. "येतील हो परत. तुमचीच जाहिरात आहे ना ती?"

चार ठिकाणी बधिर करणारी सुई टोचली, चार स्क्रूंनी डोक्याला एक चौकट घट्ट बसवली. मग पुन्हा चित्रं, मग डॉक्टरांची मोजमापं, आणि दुपारी चाळीस मिनिटं त्या यंत्राच्या बोगद्यात. ना आवाज, ना रक्त. संध्याकाळी बाई चार छोट्या पट्ट्या लावून रिक्षाने घरी आल्या. काकांनी चहा केला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पद्धत तुमचीच आली."

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा खिडकीत बसायला लागल्या, डोक्याला रुमाल बांधून. काकांच्या एका जुन्या कंगव्याच्या पाठीवर सेंटीमीटरच्या खुणा होत्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई स्टुलावर बसत आणि काका कानामागच्या एकाच जागी तो कंगवा उभा धरत.

"किती?"

"एक. जरासं वरच."

"म्हणजे चोवीस महिन्यांचे तीस धरा. तीस झाले की मेंदूचा फोटो काढायचा, गुंता बंद, आणि मी मोकळी." मग हाताची मूठ तोंडाशी धरून, "कृपया लक्ष द्या. आपली गाडी एक सेंटीमीटरवर पोहोचली आहे. प्रवाशांनी धीर धरावा."

काका हसत. पण त्यांच्या कामात एक नवी गोष्ट शिरली होती आणि ती ते कोणाला सांगत नव्हते. कर्ण्यातून "कृपया लक्ष द्या" ऐकू आलं, की त्यांचा वस्तरा कातडीवरून उचलला जाई. बेड क्रमांक, नाव, खिडकी, आणि शेवटी "धन्यवाद". धन्यवाद कानावर पडल्याशिवाय वस्तरा परत टेकत नसे. दिवसाला पंधरा-वीस वेळा. खुर्चीतल्या माणसाला वाटे, काका साबण बघतायत. थोरल्या सिस्टरच्या मात्र ते नजरेत आलं.

"काका, हल्ली मधेच थांबता."

"वय झालं," काका म्हणाले.

एकदा त्यांनी बाईंना नोकरी सोड म्हणून सांगून पाहिलं. "घरी आराम कर. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

"आणि घरी बसून बोलावू कोणाला? तुम्हाला? तुम्ही तर पहिल्या हाकेला येतही नाही." मग आवाज उतरवून, "जे वाचवायचं म्हणून मशीनखाली गेले, ते वापरायचंच नाही का आता?"

काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

वर्षभराने फोटो काढला तेव्हा गुंता आक्रसला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवली. काकांनी इतक्या वेळा मान डोलावली की बाईंनी त्यांचा हात दाबला. "छान चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण काका, अर्धवट बंद म्हणजे उघडाच समजायचा. पूर्ण बंद होईल तेव्हाच जिंकलो म्हणायचं." त्या दिवशी केस पंधरा सेंटीमीटर होते. रुमाल सुटला होता. पुढच्या बाजूला पांढऱ्याचं प्रमाण वाढलं होतं आणि बाईंनी त्याचं खापर बिनदिक्कत किरणांवर फोडलं होतं.

अठरा झाले, बावीस झाले. सव्वीस झाले तेव्हा बाईंनी मोठ्या खटपटीने मानेवर एक वेणी घातली. बोटभर लांब.

"उंदराचं शेपूट," काका म्हणाले.

"असू दे. उंदीर माझा आहे."

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळपासून साडेअकरापर्यंत सात पुकारे झाले. सातही पूर्ण, धन्यवादसकट. काकांनी सात वेळा वस्तरा उचलला आणि सात वेळा टेकवला. खुर्चीतला माणूस त्या दिवशी मोठा बोलका होता, घरी गेल्यावर त्याला आधी छपराची गळती बघायची होती. त्याचं डोकं पुरं झालं, पाकिटावर नंबर घातला. एवढ्यात थोरल्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या फोन करत.

"काका, इमर्जन्सी आहे. डोकं तयार करायचंय. दुसऱ्या पाळीच्या माणसाला मी बोलावलंय, येतोच आहे तो."

"मी असताना त्याला कशाला?"

सिस्टर दारातून बाजूला झाल्या नाहीत. काकांनी हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"शुद्धीवर आहे?"

"नाही."

"मीच करतो," काका म्हणाले.

स्ट्रेचर वॉर्डाच्या दाराशी होतं. मोठ्या डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डावी बाजू पुरे." काकांनी वेणीचं रबर काढलं. वेणी स्वतःहूनच उलगडली. कात्री, मग क्लिपर, मग साबण आणि वस्तरा. सिस्टर पाणी धरून उभ्या होत्या. त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, की काका सबंध वेळ बोलत होते. "घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा स्वतःच म्हणाले, "झोप तू. चहा मी करतो. आधी पाणी उकळतो, मग पावडर. आता चुकायचा नाही." डावी बाजू संपेपर्यंत त्यांनी चहाची सगळी कृती दोनदा सांगितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या. मुलगी आदल्या दिवशीच पोहोचली होती.

मोठे डॉक्टर भेटायला आले तेव्हा काकांनी एकच विचारलं. "तेव्हाच उघडलं असतं तर?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "खोटं बोलत नाही. कदाचित आज त्या असत्या. कदाचित असत्या आणि बोलल्या नसत्या. गुंता बराचसा बंद झाला होता, काका. एक नस उरली होती. हाच रस्ता आणखी कितीतरी जणांनी घेतला, ते सगळे हिंडतायत-फिरतायत. तुम्हाला काय सांगू?"

"मी नक्की म्हणालो होतो," काका म्हणाले. "तिने दोनदा विचारलं होतं."

खरी गोष्ट त्यांना महिन्याने कळली. कामावर परत आल्या दिवशी, चौकशीच्या शेजारच्या खिडकीत केसपेपर काढून देणाऱ्या बाई त्यांना जिन्यात भेटल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग रडायलाच लागल्या.

"काका, त्या दिवशी सकाळपासून त्यांचं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, वर फोन करते, काकांना सांगते. तर माझा हात धरला. म्हणाल्या, नको, त्यांच्या हातात वस्तरा असतो. मी अडखळले तर एखाद्याचं डोकं अर्धं टाकून पळत येतील. बारा वाजता जेवणाची सुट्टी झाली की मीच जाते दाखवायला. आणि प्रत्येक पुकाऱ्याआधी पाणी प्यायच्या. कागदावर सगळं वाक्य लिहून घ्यायच्या. एक वाक्य अर्धं सोडलं नाही हो त्यांनी."

काका एकेक पायरी चढत वर आले. बावीस महिने आपण कान लावून बसलो, हे तिला माहीत होतं. ते ऐकत होते म्हणून ती वाक्यं पुरी करत होती.

आता खिडकीत नवी मुलगी आहे आणि पुकारे रेकॉर्ड केलेल्या आवाजात होतात. नंबर तेवढे बदलतात. ते वाक्य कधी अडत नाही. तरी काकांचा वस्तरा उचलला जातो, धन्यवादपर्यंत. कपाटात दोन पाकिटं शेजारी शेजारी आहेत. एकात दोन्हीकडे दोरा बांधलेली लांब वेणी, दुसऱ्यात सव्वीस सेंटीमीटरचे मोकळे केस. दोन्हींवर नंबर नाही. तीन महिन्यांचा नियम त्यांनी बाकी सगळ्यांसाठी पाळला आहे.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना काका एका सकाळी आपणहून जिना उतरून तळघरात गेले. "तुमच्याकडे पेशंटचे केस धुवायला कोण आहे?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"कोणी नाही. घरून धुऊन येतात."

"घरून आलेल्यांचं काय खरं असतं, ते तुम्ही पाहिलंय," काका म्हणाले. "मी येत जाईन."

तेव्हापासून आठवड्यातून दोन सकाळी ते खाली असतात. परवा एक चाळिशीची बाई आली होती, घाबरीघुबरी, पदराखाली केसांची गाठ दोन्ही हातांनी धरून. काकांच्या हातातला कंगवा बघून तिने डोळे मिटले.

"काढणार ना सगळे?"

"एकही नाही, बाई. नुसते धुवायचे. चार जागी भांग पाडून देतो, स्क्रू बसायला. बसा निवांत."

तिने डोळे उघडले. बेसिनवर मान टेकवली. काकांनी पाण्याचा ऊनपणा मनगटावर बघितला आणि नळाखाली तिचे केस घेतले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका, याने बरं होतं?"

काकांनी नळ बंद केला. पाणी थेंब थेंब पडत राहिलं.

"होतं," ते म्हणाले. "बहुतेकांचं होतं. पण वेळ लागतो. दोन वर्षं, तीनसुद्धा. तोवर धोका जात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. डोकं दुखलं, बोलताना अडलं, तर त्याच क्षणी सांगायचं. घरच्या माणसाच्या हातात काहीही काम असो. त्याला ते टाकून येऊ द्यायचं. लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती जरा दचकूनच म्हणाली.

त्यांनी हातावर शाम्पू घेतला. केस दाट होते, फेस यायला वेळ लागला.

"घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार?"

"मी? झोपेन बहुतेक." मग जरा विचार करून, "नाही, आधी भांडी. सकाळची तशीच पडलीत बघा सगळी."

"मग भांडी," काका म्हणाले, आणि त्यांनी नळ पुन्हा सुरू केला.